जोडारी म्हणजे फिटर

आमच्या ऑफिसचा दरवाजा अडकतो. म्हणजे, अडकायचा. लोक दोन जिने चढून धापा टाकत यायचे, दरवाजा ढकलायचे, तो ढिम्म हलायचा नाही, मग मी आतून ओरडायची, "खालून उचला आणि खांद्यानं ढकला." हे वाक्य मी सात वर्षं, दिवसातून दहादा, दोन भाषांत म्हणत आले होते. त्या दिवशी मात्र बाहेर पावलं वाजली, थांबली, आणि ढकलाढकली काही झालीच नाही. मी वाट बघितली. मग दरवाजा हळूच बोटभर वर उचलला गेला आणि आवाज न करता उघडला.

"वरची बिजागरी सैल झालीय," दारातला माणूस म्हणाला. चक्क मराठीत. "तीन स्क्रूंपैकी एकच उरलाय. तोही दमलाय बिचारा."

बाहेर भुरभुर पाऊस होता. त्याच्या एका हातात हँगरला लावलेला इस्त्रीचा शर्ट, दुसऱ्या हातात छत्री. शर्ट कोरडा ठणठणीत आणि माणूस खांद्यापर्यंत भिजलेला. छत्री कोणावर धरली होती ते दिसतच होतं.

"तुम्ही दार बघायला आलात?" मी विचारलं.

"नाही, खाली लाँड्रीत शर्ट घ्यायला आलो होतो. जिन्यापाशी पाटी दिसली... मराठीतून भाषांतर करून मिळेल. दोन वर्षं झाली, पाटीवर मराठी वाचलं नव्हतं. पाय आपोआप वर आले."

"पाय आले ते ठीक. कागद काय आणलाय?"

"आणलाय ना." त्यानं शर्ट माझ्या खुंटीला अडकवला आणि जाकिटाच्या आतून प्लास्टिकची फाईल काढली. व्हिसावाली माणसं मी लांबून ओळखते. ती फाईल घरी ठेवत नाहीत. दूध आणायला गेली तरी फाईल पोटाशी असते.

त्याची हकिकत तशी रोजचीच होती. कुशल कामगाराचा तात्पुरता व्हिसा. मालकानं स्पॉन्सर केलं तर मिळणारा, आणि त्याच मालकाशी बांधलेला. बाटल्यांना झाकणं लावणाऱ्या ज्या कारखान्यानं त्याला बोलावलं होतं, तो कारखाना बंद पडला. नियम असा, की साठ दिवसांत नवा स्पॉन्सर आणि नवा व्हिसा, नाहीतर परतीचं विमान. स्पॉन्सर मिळाली होती. बेकऱ्यांमधली कणीक मळायची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपची मालकीण. तिला माणूस हवा होता, याला काम हवं होतं. अडलं होतं ते एका कागदाशी. आधीच्या सहा वर्षांच्या अनुभवाचं पत्र मराठीत होतं.

"किती दिवस उरलेत?"

"चौतीस."

"उद्या या."

"आत्ता नाही होणार? मी बसतो. गप्प बसतो."

गप्प बसणारी माणसं मला आवडतात, म्हणून मी हो म्हटलं. तो गप्प बसला, पण स्वस्थ बसला नाही. त्याची नजर माझ्या टेबलावरच्या शिक्क्यावर गेली. लोखंडी आहे तो. वरून दांडा दाबला की कागदावर माझी अक्षरं उठून येतात. वर्षभर तो तिरका उमटत होता. अर्धं वर्तुळ ठसठशीत आणि अर्धं गायब.

"हा असाच चालवता?" त्यानं विचारलं.

"तुम्ही गप्प बसणार होतात."

"बसलोय की. हा बोलतोय. केवढा करकरतोय."

मी मान हलवली आणि त्यानं ती परवानगी समजली. खिशातून एक छोटा पाना निघाला, मग पातळ पोलादी पट्ट्यांचा एक पंखा निघाला. फिलर गेज, असं म्हणाला तो. दोन भागांमधली फट मोजायची असते त्यानं. त्यानं बाह्या दुमडल्या. बोटांच्या पेरांवर कितीही धुतलं तरी न जाणाऱ्या काळ्या रेघा होत्या, आणि ती बोटं त्या जुन्या लोखंडाला इतकं जपून हाताळत होती, की माझी मान सारखी तिकडे वळायला लागली.

आता मी कबूल करते. माझं लक्ष कागदावर निम्मंच होतं.

पत्र चार ओळींचं होतं. त्याच्या उस्तादांनी, म्हणजे ज्यांच्या वर्कशॉपमध्ये तो शिकला त्यांनी, हातानं लिहिलेलं. मी ते झरझर भाषांतरित केलं आणि खाली नेहमीची ओळ घातली. ही ओळ म्हणजे माझ्या पोटापाण्याचा आधार आहे. 'मूळ मजकुराशी ताडून पाहिले. बरोबर आहे.' ही ओळ आणि त्याखाली शिक्का असला, की इथलं कुठलंही ऑफिस पुढे प्रश्न विचारत नाही. सात वर्षांत माझ्या एकाही कागदावर शंका आली नव्हती. माझी चूक काढणारा अजून जन्माला यायचाय, असं मी ताईला येताजाता ऐकवत असे.

"झालं. दाबून बघा," तो म्हणाला.

मी त्याच्याच कागदावर दाबला. दांडा लोण्यासारखा खाली गेला आणि पूर्ण वर्तुळ उमटलं. इतका सुंदर शिक्का माझ्या हातून कधी पडला नव्हता.

"शिक्केवाल्या बाई," तो जाताना दारात म्हणाला, "या बिजागरीसाठी उद्या स्क्रू घेऊन येतो."

"मी बोलावलं नाहीये."

"तुम्ही नाही. बिजागरीनं बोलावलंय."

तो आला. बिजागरी झाली. अर्जही गेला, तो भरायला मालकीणबाईच त्याला घेऊन आमच्याकडे आली होती, कारण सरकारी भाषा तिलाही जडच जायची. ठेंगणी, दणकट, मोठ्यानं बोलणारी बाई. अर्ज गेल्यावर तो मराठीत पुटपुटला, "चला, जीव भांड्यात पडला." तिनं लगेच मला विचारलं, काय म्हणाला? मी शब्दशः सांगितलं. ती घाबरून म्हणाली, "कुठल्या भांड्यात? माझ्या मळायच्या भांड्यात हातसुद्धा घालायचा नाही म्हणावं." मग मी नीट समजावलं. तिला तो शब्द फार आवडला. जिना उतरेपर्यंत "भांडं, भांडं" असं घोकत गेली.

नवा व्हिसा येईपर्यंत त्याला काम करायची परवानगी नव्हती, आणि ज्या माणसाचे हात शिवशिवतात त्याला बसून राहणं ही शिक्षाच. तो माझ्याकडे यायला लागला. खुर्ची करकरत होती, ती बंद झाली. खिडकी बसत नव्हती, ती बसली. पडद्याची दांडी, दिव्याचं बटण, पाण्याचा नळ. पंधरा दिवसांत आमच्या ऑफिसमध्ये बिघडलेलं असं काही उरलं नाही आणि मला काळजी वाटायला लागली.

म्हणून एका सकाळी मी टेबलाच्या खणाचा स्क्रू थोडा सैल केला. थोडासाच.

दुपारी त्यानं खण काढला, उलटा केला, स्क्रूकडे निरखून बघितलं. "हा कोणीतरी नेलकटरनं फिरवलाय."

"असेल," मी म्हटलं. "लाँड्रीवाला येतो कधीकधी."

"लाँड्रीवाल्याला नेलपॉलिश लावायची सवय आहे? इथे गुलाबी रंग लागलाय."

मी टंकत राहिले. काय टंकलं देव जाणे. तो हसला नाही, पण खण बसवायला त्यानं त्या दिवशी अख्खा तास घेतला.

दुपारी आम्ही मागच्या गल्लीतल्या बाकावर डबा खायचो. बाकावर पत्र्याचं छप्पर होतं, त्यावर पाऊस टपटपायचा. मधे डब्याइतकं अंतर ठेवून बसायचो. मी एकदा विचारलं, ती फट मोजायची पट्टी कशाला लागते? सगळं घट्ट बसवलं की झालं.

"घट्ट बसवलं की चालताना अडकतं," तो म्हणाला. "तापलं की लोखंड फुगतं ना. थोडी जागा ठेवावी लागते. किती ठेवायची ते कळलं की फिटर."

"आणि नाही कळलं तर?"

"तर... खडखडाट." त्यानं आमच्या मधल्या डब्याकडे बघितलं. "किंवा मग नुसताच बसून राहतो माणूस. अंदाज घेत."

मी पुढचा प्रश्न विचारणार होते. नाही विचारला. उरलेले दिवस मीही मोजत होते, आणि ते त्याला कळू द्यायचं नव्हतं. आई-बाबा तिकडे आहेत, मी इथे ताई आणि भावोजींकडे राहते, माझे कागद पक्के आहेत. मला कोणी विमानात बसवणार नाही. पण रात्री दात घासताना आरशात बघून मी आकडा म्हणायचे. चौदा. तेरा. बारा.

नऊ दिवस उरले होते तेव्हा तो पत्र घेऊन आला. रोजचं बोलणं त्याला येत होतं, सरकारी भाषा जमत नव्हती. "काहीतरी विचारलंय त्यांनी. तुम्ही वाचा."

मी वाचलं. पहिल्यांदा काहीच कळेना. दुसऱ्यांदा वाचलं आणि कान गरम झाले.

"मराठीत सांगा ना," तो म्हणाला.

सांगणं माझं कामच. मी सांगितलं. आवाज जमेल तितका कोरडा ठेवून.

"सोबतच्या पत्रानुसार अर्जदार हे पत्रलेखकाचे... सहा वर्षे जीवनसाथी होते. व पुढे विभक्त झाले. अर्जात मात्र अर्जदारांनी स्वतःस अविवाहित म्हटले आहे. सदर संबंध संपुष्टात आल्याचा पुरावा सात दिवसांत सादर करावा. तसेच फिटर म्हणून काम केल्याचा कोणताही कागद अर्जासोबत आढळला नाही."

तो खुर्चीत पुढे सरकला. "पत्रलेखक म्हणजे?"

"तुमचे उस्ताद."

"माझे उस्ताद एकाहत्तर वर्षांचे आहेत. एवढ्या मिशा आहेत त्यांना."

मी मूळ पत्र काढलं. टेबलावर पसरलं. 'हा मुलगा माझ्याकडे सहा वर्षे जोडारी होता. वेळेचा पक्का, हाताला सफाई. त्याला सोडताना मला फार वाईट वाटले. त्याच्यासारखा दुसरा मिळाला नाही.'

जोडारी. म्हणजे फिटर. रोज कोणी बोलत नाही हा शब्द, पण जुन्या सर्टिफिकिटांवर असतो, आणि मला तो माहीत होता. माहीत असून मी वाचला होता जोडीदार. जोडीदार वाचल्यावर पुढचं सगळं किती छान जुळलं होतं! वेळेचा पक्का. सोडताना वाईट वाटले. त्याच्यासारखा दुसरा नाही. आणि खाली माझी ओळ, मूळ मजकुराशी ताडून पाहिले, आणि त्याखाली त्यानंच दुरुस्त केलेला तो देखणा शिक्का.

आधी तोच हसला. पोट धरून हसला. "उस्तादांना कळलं तर काठी घेऊन येतील इकडे." मग हसणं हळूहळू थांबलं. "पण हे... खोटी माहिती दिली असं धरतील का?"

"धरू शकतात."

"मग?"

"अर्ज नामंजूर. आणि तीन वर्षं पुन्हा अर्ज करता येत नाही."

खालून लाँड्रीतल्या इस्त्रीच्या वाफेचा फुस्स आवाज आला. तो उठून खिडकीपाशी गेला, त्यानंच बसवलेली खिडकी उघडून पुन्हा बंद केली.

"असं करा," तो तिकडे तोंड करूनच म्हणाला. "उस्तादांचं अक्षर वाईट होतं, वाचता आलं नाही, असं लिहा. तुमच्यावर कशाला घेता? तुमचा शिक्का आहे."

मी पत्र त्याच्यापुढे धरलं. "हे अक्षर वाईट आहे? छापल्यासारखं आहे. चूक माझी आहे, आणि मी तशीच लिहून देणार आहे."

"का चुकलात पण? तुम्ही तर..."

"ते मी लिहून देणार नाही," मी म्हटलं आणि चेहरा लपवायला खण उघडला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. ताईनं त्याला चहाला बोलावलं, कारण तिला बघायचाच होता तो. माझ्या बहिणीच्या पोटात काही राहत नाही, हे तिच्या सासरलाही मान्य आहे. तिनं सगळं ऐकून घेतलं, भावोजींच्या कपात साखर घातली आणि म्हणाली, "एवढं काय त्यात? लग्न करून टाका. हिच्या कागदांवर तुमचं नाव जोडीदार म्हणून घाला, स्पॉन्सर नको, मालकीण नको. हिनं एकदा लिहून दिलंच आहे, फक्त माणूस चुकला."

भावोजी खोकले. मी खाली बघत होते, पण कान सगळे तिकडे होते. मनात म्हटलं, हो म्हण. थट्टेत म्हण, पण म्हण.

त्यानं कप बशीत ठेवला. "नको," म्हणाला. "तसं नको, ताई."

इतकं सरळ, इतकं पटकन म्हणाला तो, की मी चहात बुडवलेलं बिस्किट तिथेच विसरले. थोड्या वेळानं तो निघाला, मी दारापर्यंतही गेले नाही. ताई आत येऊन म्हणाली, "अगं, मी चांगल्यासाठीच बोलले." मी म्हटलं, "माहितेय," आणि तासभर बाथरूममध्ये कपडे धुतले. धुतलेलेच परत धुतले.

काम मात्र मी सोडलं नाही. रागाची गोष्ट वेगळी आणि शिक्क्याची वेगळी. नियम असा, की चुकलेल्या भाषांतरकारानं स्वतःच दुरुस्ती दिली तर ती धरत नाहीत, दुसऱ्याकडून करून आणावी लागते. आणि या शहरात मराठीचा दुसरा भाषांतरकार एकच. शहराच्या त्या टोकाला राहणारे एक आजोबा. त्यांच्या चुकांचे किस्से मी सात वर्षं रंगवून सांगत आले होते. सोमवारी मी त्यांच्या दारात उभी राहिले. त्यांनी पत्र वाचलं, माझं भाषांतर वाचलं, चष्मा पुसला. मला वाटलं, आता ऐकवतील. ते म्हणाले, "मी एकदा 'मामलेदार' चा 'मामा' केला होता. एका माणसाला दोन महिने सरकारी मामा सांभाळावा लागला. बस, चहा घे." मी त्यांच्याविषयी पुन्हा कधी वाईट बोलणार नाही.

मंगळवारी आम्ही तिघं व्हिसाच्या ऑफिसात गेलो. मी, तो आणि मालकीणबाई. रांगेत तो माझ्या मागे उभा होता.

"तुम्ही बोलत नाही आहात," तो हळूच म्हणाला.

"बोलतेय की."

"रविवारपासून नऊ शब्द. मी मोजलेत."

"फट ठेवतेय," मी म्हटलं. "तापलं की फुगतं ना."

त्यानं फाईल पुन्हा पोटाशी धरली. मला वाटलं होतं बरं वाटेल. वाटलं नाही.

काउंटरमागचे अधिकारी वयस्क होते, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांनी माझं निवेदन सगळं वाचलं. मी त्यात काही झाकलं नव्हतं. शब्द असा आहे, मी असा वाचला, दोन्ही शब्दांचं मूळ जोडणं हेच आहे, एक यंत्राचे भाग जोडतो आणि दुसरा... दुसऱ्याविषयी जास्त लिहिलं नव्हतं.

"म्हणजे हे गृहस्थ," त्यांनी पेननं दाखवलं, "या वृद्ध गृहस्थांचे पती नव्हते?"

"नाही. फिटर होते."

"सहा वर्षे?"

"सहा वर्षे. वेळेचे पक्के."

त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला, पण आवाज तसाच राहिला. "तुम्ही पहिल्या कागदावरही बरोबर आहे असं लिहिलं होतं."

"हो," मी म्हटलं. "ते चूक होतं. माझं लक्ष नव्हतं. सात वर्षांत पहिल्यांदाच, पण नव्हतं. त्याची शिक्षा यांना होऊ नये, एवढंच मागायला आलेय." बोलता बोलता आवाज फुटला, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

मालकीणबाईनं मधे तोंड घातलं. तिच्याकडे सोळा यंत्रं बंद पडून आहेत, अकरा बेकऱ्या तिला रोज फोन करतात, आणि या माणसानं चाचणीच्या दिवशी जे यंत्र चालू केलं त्याला आधीच्या तिघांनी भंगारात काढायला सांगितलं होतं, हे तिनं सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. अधिकाऱ्यांनी कागद एकावर एक ठेवले, कडा जुळवल्या आणि म्हणाले, कळवू.

बुधवार गेला. गुरुवार गेला. तो आला नाही, आणि ऑफिसमध्ये काही बिघडलंही नाही. दरवाजा इतका मऊ उघडायचा की कोणी आलं तरी कळत नसे, आणि मी प्रत्येक वेळी दचकायची. खणाचा स्क्रू मी दोनदा सैल केला आणि दोनदा स्वतःच आवळला.

शनिवार उजाडला. दोन दिवस उरले होते. अकराच्या सुमाराला जिन्यावर दणादण पावलं वाजली. दरवाजा उघडला आणि मालकीणबाई आत आली. दम लागला होता, चेहरा लालबुंद. तिला काही बोलताच येईना. मी उभी राहिले. सगळं संपलं असं वाटलं. तिनं छातीवर हात ठेवला, श्वास घेतला आणि येत होता तो एकुलता एक मराठी शब्द उच्चारला.

"भांडं!"

मी खाली बसले. खुर्ची होती म्हणून बरं. मग रडले, मग हसले, मग त्या बाईला मिठी मारली. तिनं मोबाईल काढून दाखवला. चार वर्षांचा व्हिसा, व्यवसाय फिटर, स्पॉन्सर ती. तो शब्द मी तीनदा वाचला. फिटर. फिटर. फिटर. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. तो माझ्याशी बोलो न बोलो, या शहरात असणार होता. पाऊस पडला तर तो इथेच कुठेतरी भिजणार होता. तेवढंही पुरे होतं, असं मी स्वतःला सांगितलं. अर्ध्या मिनिटापुरतं ते खरंही वाटलं.

"कुठे आहे तो?" मी विचारलं.

ती जिन्याकडे बोट दाखवून निघून गेली. तो दारात उभा होता. अंगात तोच इस्त्रीचा शर्ट. आज छत्री नव्हती आणि शर्ट भिजला होता.

"अभिनंदन," मी म्हटलं.

"एक कागद आहे," तो म्हणाला. "भाषांतर करून हवंय. शिक्क्यासकट."

"आता कसला कागद? मिळाला ना व्हिसा?"

"मिळाला, म्हणूनच आणलाय." त्यानं फाईल उघडली. फाईलमध्ये आज एकच पान होतं. वहीचं, रेघांचं. त्यानं ते माझ्यासमोर ठेवलं आणि दोन पावलं मागे सरकला.

अक्षर उस्तादांसारखं छापील नव्हतं, पण घोटून घोटून काढलेलं होतं. या वेळी मी निम्म्या लक्षानं वाचलं नाही. अक्षर न् अक्षर वाचलं.

'जोडारी म्हणून चार वर्षांची परवानगी मिळाली आहे. जोडीदार म्हणून किती वर्षांची मिळेल, ते कृपया कळवावे.'

 शब्द पाण्यात पडल्यासारखे हलत होते.

"त्या दिवशी नको का म्हणालास?" मी विचारलं. 'तुम्ही' कधी गळून पडलं ते कळलंच नाही.

त्याला कळलं. तो खुर्ची ओढून समोर बसला. "तेव्हा हो म्हटलं असतं, तर पुढे कधी भांडण झालं की तू म्हणाली असतीस, व्हिसासाठी केलंस माझ्याशी."

"मी असं कधी म्हटलं नसतं."

"म्हटलं असतंस."

मी विचार केला. "...म्हटलं असतं," मी कबूल केलं.

"म्हणून आधी हा कागद माझ्या नावानं माझा झाला पाहिजे होता. मग दुसरा." त्यानं ओल्या बाह्या दुमडल्या. "सहा दिवस तोंडाशी आलेलं गिळत होतो. आणि तू बोलेनास. अंदाज पार चुकला माझा. फिटरला शोभत नाही."

"एक विचारू?"

"विचार."

"शब्द नक्की हाच आहे ना? जोडीदार? नाहीतर परत मी काहीतरी भलतंच वाचायची."

"हाच आहे," तो म्हणाला. "त्या दिवशीही तू वाचलास तो बरोबरच होता. फक्त जरा लवकर वाचलास."

मी खण उघडला, पेन काढलं आणि त्याच्या ओळीखाली लिहायला घेतलं. तो टेबलावर वाकून बघत होता, त्याच्या केसांतलं पाणी कागदावर टपकलं, मी तळहातानं पुसलं. 'परवानगीला मुदत नाही,' असं मी लिहिलं. त्याखाली नेहमीची ओळ लिहिली, मूळ मजकुराशी ताडून पाहिले, बरोबर आहे. मग शिक्का पुढे ओढला. त्यानं दांड्यावर हात ठेवला, मी त्याच्या हातावर ठेवला आणि दोघांनी मिळून दाबला.

वर्तुळ पूर्ण उमटलं. आणि या वेळी शब्दही बरोबर होता.